भुईवरून सुटलेली चाकं

चेअरमन सुंदररावांचा फोन आला तेव्हा बंकट पोरीची वेणी घालत बसला होता. बायको मंजुळा टँकरच्या रांगेत घागरी घेऊन गेलेली, शाळेला सुट्ट्या लागलेल्या, आणि अंजनाच्या केसांचा गुंता असा, की गिअरबॉक्सचे दातरे सोडवणाऱ्या बोटांनाही तो सुटेना. फोन खांद्यानं कानाला दाबून त्यानं पेड घालणं चालूच ठेवलं.

"बंकट, गाडी आणायची हाय."

"कोणती, मालक?"

"माही. नवी. दगडथडीच्या वेशीवर उभी हाय. नीट आण. ओरखडा चालणार न्हाई."

"झालं काय तिला?"

पलीकडे सुंदररावांनी घसा खाकरला. "बंद पडली," म्हणाले आणि फोन ठेवला.

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. बालाघाटाच्या डोंगरावर हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. सहकारी कारखान्याच्या धुराड्यानं धूर ओकायचं कधीच सोडलं होतं. सभासदांचा ऊस उभ्या उभ्या वाळला, सरपणाला गेला, आणि त्याच साली चेअरमननं ही गाडी घेतली. चारी चाकांना इंजिनाचा जोर. चिखलात कधी रुतत नाही म्हणे. चिखल आहे कुठं, असं विचारायची एकाही संचालकाची छाती झाली नाही. सगळ्यांनी गाडीला हार घातले आणि पेढे खाल्ले.

बंकटला मात्र असल्या गाडीचं मनापासून कौतुक. लिंबागणेशच्या वाटेवर एका फाट्याला त्याचं गॅरेज. गॅरेज आणि घर एकाच पत्र्याखाली. दारात त्याचा ट्रक उभा असायचा. सपाट पाठीचा. बटण दाबलं की पाठ मागं सरकून भुईला टेकायची आणि पुढच्या विंचाचा लोखंडी दोर आख्खी गाडी वर ओढून घ्यायचा. असला ट्रक त्या भागात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि ही गोष्ट बंकट कुणाला विसरू देत नसे. त्याचा चुलतभाऊ सटवा, क्रेनवाला. त्यानं एकदा आष्टीकडच्या कुण्या डॉक्टरची असलीच गाडी पुढची चाकं उचलून, मागची रस्त्यावर फिरवत नेली होती. अर्ध्या वाटेत गाडीच्या पोटातून धूर निघाला. त्यावरून बंकटनं त्याला हॉटेलात चारचौघांत सोलला.

"साधी गाडी असती तर खपलं असतं, सटवा. हिची चारी चाकं आतून एकमेकांला बांधलेली असत्यात. दोन फिरली आन् दोन अडकली, की दातरे दातऱ्याला खात्यात. इंजिन बंद, म्हंजी तेलबी पोचत न्हाई. हिला न्यायची तर चारी चाकं भुईवरून सुटली पायजेत बे. एकबी भुईला लागाया न्हाई पायजे."

हे सांगताना तो चार बोटं हवेत धरायचा. सटवा मान खाली घालून बशीतला चहा ओढायचा.

वेणीला फीत बांधून झाली. अंजना म्हणाली, "बाबा, मी येऊ संगं?"

"न्हाई."

"कावून?"

"तिकडं रोग हाय."

अंजना ही त्याची एकटी उरलेली. तिच्या आधीची दोन्ही लेकरं जुलाब-उलटीनं गेली होती, दोन्ही असल्याच करपलेल्या उन्हाळ्यात. तेव्हापासून या माणसाच्या काळजात एकच खिळा ठोकलेला होता. टँकरचं पाणी तो स्वतः उकळायचा, गाळायचा, पुन्हा उकळायचा. बायकोला हात लावू द्यायचा नाही. झोपेत पोरीच्या पोटाला हात लावून बघायचा. दगडथडीच्या खोऱ्यात लेकरं जायला लागल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. पण आपण कुठं तिथलं पाणी पिणार, असं म्हणून त्यानं घरचा कॅन भरून घेतला आणि ट्रक सुरू केला.

"येताना हारन वाजव!" पोर दारातून ओरडली. रोजचंच होतं ते. वळणावर हॉर्न वाजला की ती धावत सुटायची, ट्रकच्या पायरीवर चढायची आणि दारापर्यंत मिरवत यायची.

दगडथडी खोऱ्याच्या तळाला. डांबर संपतं आणि घोट्याएवढा फुफाटा लागतो. बंकट पोचला तेव्हा ऊन असं टळटळीत होतं, की सावल्या झाडांच्या बुंध्यात शिरून बसल्या होत्या. कुत्रं भुंकलं नाही. पाखरू उडालं नाही. इंजिन बंद केल्यावर त्याला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

दोन गावांच्या मधल्या वेशीच्या दगडापाशी ती गाडी उभी होती. पुढच्या हुकाला विहिरीवरचा जाड दोर, सोल, बांधलेला. बॉनेटवर हळदीच्या हातांचे ठसे. आरशांना लिंबाचे डहाळे. काचा उघड्या, आणि आत, चेअरमनच्या बसायच्या जागेवर, हिरव्या लुगड्याची घडी, आत काही गुंडाळल्यासारखी फुगलेली. तिच्यावर बांगड्या, खण, आणि केळीच्या पानावर दहीभात. भर उन्हात ठेवलेल्या त्या दहीभातावर एकही माशी नव्हती. बंकटच्या डोळ्यांनी ते टिपलं. मनानं टिपलं नाही.

बाभळीखाली बाया बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध एक म्हातारी, तुळजाबाई, दाताला मिसरी लावत होती.

"आला बाई उचलणारा," ती म्हणाली.

"माय, हे काय केलं गाडीचं?"

"गाडा केला. मरीआईचा."

बंकटनं तसला गाडा डोळ्यानं बघितला नव्हता, पण आजाच्या तोंडून ऐकला होता. गावात रोग शिरला की लाकडाचा गाडा करायचा, त्यात मरीआईला, म्हणजे तिच्या काळ्या दगडाला, बसवायचं, ओटी भरायची आणि सगळ्या गावानं दोर धरून गाडा वेशीबाहेर ओढत न्यायचा. पुढच्या गावानं तो आपल्या वेशीतून पुढं ओढायचा. त्याच्या पुढच्यानं आणखी पुढं. रोग जायचा कुठं, हे कुणी विचारत नसे. आपल्या गावातून गेला म्हणजे झालं.

"गाडा कराया लाकूड कुठं ऱ्हायलंय?" तुळजाबाई म्हणाली. "समदं चुलीत गेलं. मंग ही दिसली. तुहा चेरमन आल्ता टँकरसंगं फोटू काढाया. त्याच टँकरच्या पाण्यानं लेकरं चाललीत, म्हणून बायांनी घेरला त्याला. तवा लेंगा सावरीत एकाच्या फटफटीवर बसून पळाला. डायवर बी पळाला. गाडी ऱ्हायली. आमी तिच्या टाकीत त्येच पाणी वतलं. म्हणलं, घे, तू बी पी."

बाया हसल्या. ओठ फुटलेल्या माणसांचं हसणं. दुखत होतं तरी हसल्या.

"मंग आईला बसवली आन् गावानं सोल धरला. हितवर आणली. पर पल्याडच्या गावानं वाट अडवली. ते तिला त्येंच्या भुईवर घीनात, आमी माघारी नीना. तवापसून हितंच हाय ती. आन् लेकरं अजून जात्याती. हितून बी हात पोचतो तिचा."

"मग मी नेतो की. तुमच्या डोक्याचा ताप गेला."

"ने. पर वढून ने. दोरानं. चाकं भुईला ठिवून."

बंकटला हसू आलं. त्यानं चार बोटं हवेत धरली. "माय, ही गाडी वढायची नसती. चारी चाकं उचलावी लागत्यात. वढली तर आतून जळून जाईल."

"जळू दे की."

"मालकाला काय सांगू?"

तुळजाबाई गुडघ्यांवर हात देत उठली आणि त्याच्या तोंडापाशी तोंड आणून उभी राहिली. मिसरीचा जळका वास आला.

"ऐक, लेकरा. मागनं म्हणशील म्हातारी बोलली न्हाई. चाक भुईला हाय तवर ती भुईची. ज्येची भुई, त्येनं तिला फुडं ढकलायची. पर कुणी उचलली, तर ती उचलणाराची. मंग ती गाव बघत न्हाई, वेस बघत न्हाई. त्येच्या मागं त्येच्या दारात जाती." तिनं त्याला खालीवर न्याहाळलं. "लेकरू हाय का तुला?"

बंकटनं नजर ट्रककडे वळवली.

"हाय," म्हातारी बायांकडे वळून म्हणाली. आणि या खेपेला ती एकटीच हसली.

भीती वाटली असती तर बंकट वाचला असता. पण त्याला राग आला. मिसरी घासणाऱ्या बाईनं आपल्याला आपला धंदा शिकवावा? चेअरमनवरचा दात काढायला हिला गाडी जाळून हवी आहे, दुसरं काही नाही, असं त्यानं स्वतःला पटवलं. हुकाचा सोल सोडून फेकला. ट्रकची पाठ भुईला टेकवली, लोखंडी दोर अडकवला, विंच सुरू केला. गाडी कुरकुर न करता चढली. पुढची चाकं चढली. मागची चढली. शेवटचं चाक भुईवरून सुटलं, आणि ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे कण्हले.

खोटं नाही, कण्हलेच. पाठ नीट बसेपर्यंत पाटे खाली खाली जात राहिले. असल्या तीन गाड्या एकावर एक ठेवल्यासारखे. बंकट वाकून बघायला लागला, तोवर गावातून एका पोराची किंकाळी आली.

"आये! भूक लागली! भाकर दे!"

बाया ताडकन उठल्या. एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं आणि पदर सावरत गावाकडे पळत सुटल्या. पलीकडच्या गावाच्या बाजूनं कुणीतरी थाळी वाजवली. तुळजाबाई तेवढी मागं राहिली.

"माही नात ती," ती म्हणाली. "तिनं डोळं उघडलं नव्हतं. दोन तिच्या आदी पुरल्या मी." तिनं वाकून मूठभर फुफाटा उचलला आणि ट्रकच्या मागच्या बाजूवर भिरकावला. "जा आता. हितं थांबू नको. मागं वळून बघू नको. आमचं झालं."

त्यानं चाकांवरून पट्टे आवळले आणि निघाला.

फुफाट्याच्या रस्त्याला ट्रक जड चालत होता. स्टेअरिंग हाताशी भांडत होतं. कोस-दीड कोस गेल्यावर त्याला वास आला. त्या वासाला बंकट झोपेतही ओळखला असता: गिअरचं तेल जळाल्याचा, कडू, नाकाच्या मुळाशी बसणारा. डॉक्टरच्या गाडीला आला होता तोच. चारी चाकांची गाडी चुकीची ओढली की येतो तोच.

पण ती तर पाठीवर होती. चाकं पट्ट्यांनी आवळलेली. हलत नव्हती.

तो उतरला. मागं गेला. गाडीच्या पोटाखाली हात घातला आणि झटक्यानं काढून घेतला. बोटांची कातडी तिथंच चिकटली. पोट तव्यासारखं तापलं होतं... आणि आत दातरे करकरत होते. हळू. चाकं थांबलेली, इंजिन मेलेलं, आणि आतून कुणीतरी दाणे दळावेत तसा आवाज येत होता. कर्र... कर्र...

मग त्याची नजर रस्त्यावर गेली. फुफाट्यात त्याच्या ट्रकच्या टायरची नक्षी उमटली होती. तिच्यावरून, तिला कापत, दोन बारीक खोल चाकोऱ्या आल्या होत्या. लोखंडी धावेच्या. बैलगाडीला असते तसल्या धावेच्या. खोऱ्याच्या तळापासून त्या ट्रकच्या मागोमाग आल्या होत्या, आणि ट्रकच्या खाली येऊन थांबल्या होत्या.

त्यानं फोन काढला.

"मालक... गाडी घेतली. निघालोय. वाड्यावर आणतो."

"हिकडं न्हाई," सुंदरराव घाईनं म्हणाले. मागं सनई वाजत होती, बाया हसत होत्या. "नातवाचं बारसं हाय आज. तुह्या गॅरेजला लाव. बघू मग सवडीनं."

"मालक, गॅरेज आन् घर एकच हाय माझं."

"मग?"

"माही पोर हाय घरी."

"मग? अडाणी बायांचं ऐकून भेतो का बे तू? बंद पडलेली गाडी हाय ती."

"भ्यायचं न्हाई तर तुमच्या दारात लावतो की."

सनईचा आवाज लांब गेला, दार लावल्याचा आवाज आला. मग सुंदरराव एकेक शब्द वेगळा करून बोलले. "बंकट. माह्या गावच्या शिवेत ती गाडी दिसली, तर तुला ट्रकात बसवून ट्रक पेटवीन. समजलं?"

म्हणजे याला माहीत होतं. गाडीत काय बसवलंय, ती उचलली की काय होतं, सगळं. म्हणूनच याला बंकट हवा होता. दुसऱ्या कुणाकडे उचलणारा ट्रक नव्हता.

पत्र्याच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याला बंकटनं ट्रक लावलाच नाही. उचलणाराची, म्हातारी म्हणाली होती. पण उचललेली खाली ठेवली तर? दुसऱ्याच्या भुईला चाकं टेकवली, तर ती त्या भुईची झाली. सोपं आहे. त्याला एकदम हुशारी आली. माणूस नाही अशी जागा पाहिजे फक्त, आणि दुष्काळात असल्या जागांना काय तोटा? डोंगराच्या कुशीतला पाझर तलाव आठवला. सुकून वर्ष झालं होतं. तिथं ठेवू, आणि उद्या चेअरमनला म्हणू, तुमचं तुम्ही बघा.

तलावात माणसं होती.

भेगाळलेल्या तळात पालं पडली होती. ऊसतोडीहून परत आलेली, गावात पाणी नाही म्हणून इथं झिरे उकरून राहिलेली माणसं. लेकरं भेगांत काड्या घालून खेळत होती. एक बाई तान्ह्याला पाठीशी बांधून हातभर खड्ड्यातून वाटीनं पाणी उपसत होती. ट्रक बघून ती उठली, वाटी तशीच दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे आली.

"पाणी घ्या, दादा. लई उन्हाचं आलात. गढूळ हाय, पर गार हाय."

तिचं नाव भिवराबाई. तिनं न विचारता सांगितलं. बोलायला माणूस मिळालं म्हणून तिला बरं वाटत होतं. बंकटनं वाटी घेतली. प्यायला नाही. तिची पाठ वळली तशी त्यानं ती चाकाखाली ओतली.

तिथून निघून जायला हवं होतं. डोंगर मोठा होता. पण मागं, पाठीवर, आत, कर्र कर्र चालूच होतं, दिवस कलायला लागला होता, आणि त्याला फक्त एक वेणी दिसत होती. परक्याची लेकरं ती परक्याची. त्यानं ट्रकची पाठ कलती केली आणि विंच सैल सोडला. चेअरमनची गाडी हळूहळू खाली आली, आणि तिची चारी चाकं तलावाच्या भुईला टेकली.

लेकरं टाळ्या वाजवत आली.

"कुणाची ओ गाडी, दादा?" भिवराबाईनं विचारलं.

"माहीच. बंद पडली. ऱ्हाऊ द्या हितं." मग तो जे बोलला, ते बोलायची काही गरज नव्हती. पण खात्री करायची होती त्याला. "लेकरांला खेळू द्या तिच्यात. आत बसू द्या."

लेकरांनी दारं उघडली. एकीनं हिरवं लुगडं उलगडलं, आत काहीच नव्हतं; तिनं ते अंगाभोवती गुंडाळलं. एकानं दहीभाताचं पान उचललं. भिवराबाई हसून त्याला म्हणाली, "देवमाणूस हाय तुमी, दादा."

बंकट ट्रकात चढला आणि घराकडे निघाला.

ट्रक हलका व्हायला हवा होता. रिकाम्या पाठीचा ट्रक रस्त्यावर उड्या मारतो, साखळ्या खुळखुळतात. तसं काही झालं नाही. स्टेअरिंग तेवढंच जड. पाटे तेवढेच बसलेले. एक खड्डा आला, ट्रक त्यात उतरून चढला, आणि पाठीवरची एकही साखळी वाजली नाही... कुणी पाय ठेवून दाबून धरल्यासारखी. मग वास आला. तोच. जळक्या तेलाचा. गाडी मागं तलावात राहिली होती, आणि वास इथं, केबिनमध्ये, अगदी जवळून येत होता.

त्याला तेव्हा कळलं. गाडी नुसतं लाकूड होती. गाडा बदलला की बसणारी बदलत नाही, ती नव्या गाड्यात बसते. भुईवरून चाकं सुटली, त्या क्षणी ती चाकं तिची राहिलीच नाहीत. मरीआई बंकटच्या ट्रकच्या चाकांवर आली होती. ही चाकं सकाळपासून भुईलाच होती. आणि ती लेकरं... त्या लेकरांना काही होणार नव्हतं. बंकटनं मनातल्या मनात त्यांना मारून टाकलं होतं ते फुकटच.

वळण आलं.

त्यानं ब्रेकवर पाय दाबला. पाय खाली गेला. ट्रक थांबला नाही, बैल चालतो तसा चालत राहिला. हॉर्न वाजू नये म्हणून स्टेअरिंगवरचे दोन्ही हात त्यानं काढून घेतले. हॉर्न वाजला. लांब, लाडीक, रोजच्यासारखा.

लिंबाखालून अंजना धावत सुटली.

"माघारी जा!" तो खिडकीतून ओरडला. "अंजे! माघारी फीर!"

ती हसत येत होती. वेणी उडत होती. रोजचा खेळ समजली. दार उघडून उडी मारावी म्हटलं तर दार हलेना. ट्रकची पायरी आणि पोर यांच्यात थोडीच वाट उरली होती. त्यानं शेजारच्या सीटवर चाचपलं आणि हाताला दगड लागला. तिथं दगड कसा आला, हे बघायला वेळ नव्हता. आपल्या हातानं वेणी घातलेल्या त्या डोक्यावर त्यानं नेम धरला आणि सगळा जीव लावून मारला.

कपाळाला लागला. पोर जागच्या जागी बसली.  मग तिनं असा हंबरडा फोडला की आतून मंजुळा धावत आली. अंजना उठली, ट्रककडे एकदा बघितलं आणि आईच्या दिशेनं पळाली. लाथ बसलेलं कुत्र्याचं पिलू पळतं तशी.

"लागला," बंकट म्हणाला. "बरं झालं... लई बरं झालं." त्याचं तोंड ओलं होतं. ट्रक माळाकडे वळला. त्यानं वळवला की आपोआप वळला, ते त्याला सांगता आलं नसतं. घर मागं पडलं. पोर वाचली होती, आणि ती त्याला जन्मभर वैरी समजणार होती, आणि हे त्याला चालणार होतं. संध्याकाळच्या फुफाट्यात तो ट्रक दिसेनासा झाला, तो मग कुणाला दिसला नाही.

दिवेलागणीला मंजुळा पोरीच्या कपाळावर हळद दाबत बसली होती. दार बंद, पत्रा दिवसभराच्या उन्हानं तापलेला, आत जीव उकडत होता. मंजुळाच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता.

"मेल्यानं दारू पिऊन पोरीवर दगड टाकला," ती दातओठ खात म्हणाली. "येऊ दे त्याला. हात तोडते त्याचे."

"बाबानं न्हाई टाकला," अंजना म्हणाली.

"मग कुणी?"

"बाबा म्होरं चालत व्हता. ट्रकाच्या म्होरं. खांद्यावर दोर घिऊन... असा वाकून. ट्रक वढीत व्हता, आये. त्येचे दोन्ही हात दोरात गुतले व्हते. माह्याकडं बघून नुसती मान हलवीत व्हता... येऊ नको, येऊ नको."

मंजुळाचा हळदीचा हात थांबला. बाहेर रस्त्यावर काही वाजलं नाही. तरी तिनं जाऊन कडी पुन्हा एकदा बघितली.

"काय बी बोलती. आन् मुठीत काय धरलंस ते?"

अंजनानं मूठ छातीशी ओढली. बोटांच्या फटीतून काळा, गुळगुळीत दगड दिसत होता. पळताना तिनं तो खालून उचलून आणला होता. मंजुळानं त्याला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. इतका वेळ झाला तरी तो चुलीतून काढल्यासारखा होता.

"टाक तो. टाक आधी बाहेर."

पोर भिंतीला सरकली. त्या उकाड्यात तिनं गुडघे पोटाशी घेतले, दगड दोन्ही हातांत घट्ट धरला. तिचे दात वाजायला लागले होते.

"ऱ्हाऊ दे ना, आये... मला लई थंडी वाजतीया."